शेंदराचा बाण

गेले कित्येक महिने मी रोज देवापुढे बसत होतो, पण डोळे मिटत नव्हते. हात जोडले जायचे, ओठ हलायचे, आणि मारोतीरायाच्या तसबिरीकडे पाहायची वेळ आली की नजर आपोआप शेजारच्या भिंतीवर सरकायची. माझे वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेले आहे. ढाणकीला आमचे कापडाचे दुकान आहे, ते आता मुलगा पाहतो. गावात मला मान आहे, आणि अलीकडे तो मान एका चमत्कारामुळे फारच वाढला होता. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका घळीत मी सायकलसकट पडलो, आणि तिथेच वरच्या माळावर मारोती प्रकट झाला म्हणून वाचलो, अशी ती हकीकत. ती मी स्वतः सांगतानाची चित्रफीत तुमच्यापैकी काहींनी मोबाईलवर पाहिलीही असेल. त्यातले पडणे खरे आहे, वाचणेही खरे आहे. त्यांच्या मधले जे आहे ते खोटे आहे, आणि ते मीच घातलेले आहे. ते दुरुस्त करावे म्हणून हे लिहितो. लिहायला बसलो तेव्हा वाटले होते की लाज वाटेल. पण खरे सांगायचे तर मला सारखे हसू येते आहे.

सायकलचा नाद मला म्हातारपणी लागला. डॉक्टरांनी चालायला सांगितले, चालायचा मला कंटाळा, म्हणून मुलाने गिअरची सायकल आणून दिली. सोबतीला सुखदेव. आम्ही दोघे एकाच बाकावर शिकलो. तो एसटीत कंडक्टर होता, त्याचे घर बौद्ध, माझे घर मारोतीचे उपासक, आणि आमची दोस्ती या दोन्हींपेक्षा जुनी. त्याच्याकडे त्याची नोकरीतली काळी, जड सायकल अजून आहे. माझी नवी सायकल पाहून तो म्हणाला होता, "घोडा अठरा गिअरचा अन् हाकनारा एका फुप्फुसाचा."

दरवर्षी फाल्गुनात, तूर घरात आली आणि दुकानातली लग्नसराई अजून सुरू व्हायची असली की, आम्ही दोघे तीन-चार दिवस फिरायला निघायचो. मागच्या कॅरिअरला वळकटी, पिशवीत पंक्चरचे सामान, चिवडा, दोन बाटल्या पाणी. ढाणकीच्या पुढे नदीच्या अंगाला जे उघडे, डोंगराळ रान आहे, तिकडे आमचा ओढा. त्या दिवसांत तिथे गवत वाळून पिवळे पडलेले असते, नाल्यांत वाळू आणि काळे धोंडे तेवढे उरतात, आणि उघड्या दरडींच्या कडेला पळस असा फुललेला असतो की उन्हात विस्तव ठेवल्यासारखा वाटतो. ओढ्यांनी कापलेल्या खोल घळींतून सायकल काढताना दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती तापलेल्या तव्यासारख्या अंगावर ऊन फेकतात. म्हाताऱ्यांनी तिथे जाऊ नये असेच ते रान आहे. म्हणूनच बहुधा आम्हाला ते आवडायचे.

आणखी एक कारण होते. त्या रानात फार पूर्वीच्या माणसांच्या खुणा आहेत. एका दरडीत उंचावर खडक कोरून केलेल्या लहान लहान खोल्या आहेत. लोक त्यांना कोठड्या म्हणतात. सुखदेवच्या मते तिथे कधीकाळी भिक्खू पावसाळ्यात राहत असतील. तो तिथे गेला की चप्पल बाहेर काढून आत शांत बसायचा आणि हलक्या आवाजात त्रिशरण म्हणायचा. मी बाहेर सावलीत डबा उघडून त्याची वाट पाहायचो. आणि वरच्या माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. एवढे धोंडे कोणी, कशाला गोल मांडले असतील असे नवल वाटते. जाणकार सांगतात की त्या जुन्या लोकांच्या समाध्या आहेत, खाली त्यांची भांडी नि हाडे असतात. आमच्याकडे त्यांना राकसाची खळी म्हणतात. राक्षसांनी मळणी केली असेल, असा जुन्यांचा समज. त्यातल्या सर्वांत मोठ्या खळ्याच्या काठावर कमरेइतका एक उभा दगड आहे, आणि त्याच्यापाशी पायवाट दोन ठिकाणी फुटते.

त्या फाल्गुनातला तो शनिवार होता. निघताना हिने, म्हणजे माझ्या पत्नीने, माझ्या पिशवीत शेंदराची पुडी ठेवली होती. वाटेतल्या एका खेड्यात मारोतीचे जुने ठाणे आहे, तिथे चोळा, म्हणजे तेलात कालवलेल्या शेंदराचा लेप, चढवायचा होता. सकाळी माळावर चढताना सुखदेवच्या चाकात बाभळीचा काटा गेला. तो म्हणाला, तू हो पुढं, उन्हं वाढायच्या आत मोठ्या खळ्याशी पोच, मी पंक्चर काढून येतो. मी पोचलो, थांबलो, आणि त्या फाट्याशी मला अवदसा आठवली. डावीकडची वाट घळीत उतरून कोठड्यांकडे लवकर नेते, असे मी कोणाकडून तरी ऐकले होते. एरवी आम्ही उजवीकडून लांबच्या वाटेने जात असू. म्हटले, आज आपण आधी पोचू आणि कंडक्टरला चकित करू. पण मी इथे दिसलो नाही तर तो शोधत बसेल, त्याला कळणार कसे की मी डावीकडे गेलो? फोनला तिथे रेंज नाही. खडू नाही, कागद ठेवावा तर वारा. मग मी ती पुडी काढली. शेंदूर कालवायला तेल लागते, देवासाठी आणलेले तेल सुखदेवच्या पिशवीत राहिलेले. माझ्याकडे होती ती सायकलच्या साखळीत घालायच्या तेलाची बाटली. तेच तेल तळहातावर घेतले, शेंदूर त्यात कालवला, आणि त्या उभ्या दगडावर डावीकडे तोंड केलेला चांगला हातभर लांब बाण काढला. बोटे दगडालाच पुसली. देवाचा शेंदूर, यंत्राचे तेल आणि माझी घाई, असा तो सगळा प्रकार होता. मनात चर्र झाले नाही असे नाही. पण मी म्हटले, संध्याकाळी ठाण्यावर जाऊन माफी मागू.

डावीकडची वाट मागच्या पावसाळ्यात खचली होती. मला ते कळले तेव्हा पुढचे चाक हवेत होते. मी आणि सायकल दोघेही घळीत घरंगळत गेलो आणि एका धोंड्याला अडकलो. उजवा पाय सायकलखाली आणि सायकल दगडांखाली. पाय हलवला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पाण्याची एक बाटली फुटली, दुसरी माझ्या हातापासून वीतभर लांब जाऊन थांबली. मी हाका मारल्या. सुखदेवला मारल्या, मग आईला, मग मारोतीरायाला. ऊन वर सरकत होते. घळीच्या भिंती तापल्या. मग मी देवाशी भांडायला लागलो. तुझा शेंदूर वाटेच्या खुणेला वापरला म्हणून एवढा राग का, असे विचारले. आयुष्यभराचे शनिवार मोजून दाखवले. हे सगळे करून घसा कोरडा पडला, आवाज येईना. तेव्हा मी थकून गप्प झालो आणि मनात एवढेच म्हणालो, की आता तू आणि तुझे रान. मी काही म्हणत नाही. हे वाक्य मी मोठ्या श्रद्धेने म्हटले असे समजू नका. माझ्याकडे दुसरे काही उरलेच नव्हते.

थोड्या वेळाने वरच्या काठावर एक शेळी आली. तोंडात काहीतरी चघळत ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, जणू माझ्या दुकानात कापड पाहायला आली आहे आणि भाव पटत नाही. मग दुसरी आली. आणि मग आरशांच्या ओढणीतली एक बाई. जवळच्या तांड्यावरची झिमाबाई, वय माझ्यापेक्षा थोडे कमी, पण पाय शेळीइतके पक्के. ती बसत-सरकत खाली आली. आधी पाणी पाजले, तेही बाटली माझ्या हातात न देता, घोट घोट. मग सायकलचा पंप काढून माझ्या पायाला फळीसारखा लावला आणि ओढणीने घट्ट बांधला. बांधताना मला म्हणाली, "बापू, रडायचं तं रडून घे, मी कोनाले सांगत नाही." मी खरेच रडलो. तिने काठावर जाऊन तांड्याच्या दिशेने अशी आरोळी दिली की घळ घुमली. माणसे बाज घेऊन आली आणि मला वर काढले. दिवस मावळायला सुखदेव शोधत शोधत तांड्यावर पोचला. आधी त्याने मला शिव्या दिल्या, मग बाजेच्या खुरापाशी बसून माझ्या चांगल्या पायाचा तळवा चोळत राहिला.

इथपर्यंतची गोष्ट खरी आहे. इथेच थांबलो असतो तर पुढचे काही घडले नसते.

दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून मी पडलो होतो. पाहायला माणसांची रीघ. त्यात त्या माळाखालच्या खेड्यातले नानाजी आले. मनाने साधे, कपाशीची मोठी शेती, प्रत्येक धर्मकार्यात पुढे. ते दाराशीच हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले की काकाजी, तुम्ही पडले त्याच दिवशी मोठ्या खळ्याच्या दगडावर मारोती प्रकट झाला. गावातला कोणी त्या बाजूला फिरकला नाही आणि दगडावर ताजा शेंदूर. लोकांनी पाहिला, तेल वाहिले, वरून आणखी शेंदूर चढवला, झेंडा लावला. हे ऐकून हिच्या डोळ्यांना धार लागली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की लग्नानंतर इतक्या वर्षांत तशी कधी पाहिली नव्हती. खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. मला म्हणायला हवे होते, की नानाजी, तो मी काढलेला बाण आहे आणि त्यात साखळीचे तेल आहे. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "त्याची लीला."

एवढेच म्हणालो, पण ते पुरले. पुढे प्रत्येक पाहुण्याने त्यात थोडी भर घातली आणि मी कोणाला अडवले नाही. चित्रफीत काढायला आलेल्यांना तर मी सांगितले की मी त्या दगडाशी पोचलो तेव्हाच तो शेंदराने माखलेला होता, मी नमस्कार केला आणि पुढे गेलो. झिमाबाईचे नाव त्यात मी एकदा घेतले, तेही गडबडीत. देवाने एका गुराखी बाईच्या रूपात मदत धाडली, असे म्हणालो. तिने स्वतःच्या ओढणीने माझा पाय बांधला होता, आणि मी तिला नुसते रूप करून टाकले.

खरे काय ते एकट्या सुखदेवला माहीत होते. दवाखान्यात पहिल्याच दिवशी मी त्याला विचारले होते की एवढा मोठा बाण काढून ठेवला, तुला दिसला कसा नाही? तो म्हणाला, "दिसला ना. मले वाटलं, तुमच्या लोकायनं अजून एक देव बसवला. म्हनून मी उजवीकडून गेलो." आम्ही दोघे तेव्हा इतके हसलो की नर्स रागावली. ज्याच्यासाठी बाण काढला त्याला त्यात देव दिसला होता.

पण पावसाळा संपता संपता हसू आटले. दर शनिवारी माळावर गर्दी व्हायला लागली. नारळ फुटू लागले. मग नानाजींनी आणि गावकऱ्यांनी ठरवले की देवाला उघड्यावर ठेवू नये, सभामंडप बांधावा. जागा सपाट करायची, खळ्याचे धोंडे मंडपाच्या पायात भरायचे, म्हणजे दगड आणायला नकोत. भोवती तारेचे कुंपण. येत्या शनिवारी जेसीबी येणार, मुहूर्ताचा नारळ माझ्या हातून. हे ऐकून सुखदेव घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला की हजारो वर्षं झोपलेली माणसं हायेत ती, त्यायच्या उशाचे दगड काढून तू मंडपाच्या पायात घालणार हायेस. मी म्हणालो, आता माझ्या हातात काय आहे, लोकांची श्रद्धा आहे. तो उठला. दारातून वळून म्हणाला, "मी सांगू शकतो. पन मी सांगितलं तं लोक म्हनतील, हा बौद्ध हाये म्हनून देव नाकारून राह्यला. भांडन होईन. तुलेच सांगा लागते." त्यानंतर तो आला नाही. आमच्या दोस्तीत असे कधी झाले नव्हते.

ते आठ दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही. एकीकडे ते दगड, ज्यांच्या सावलीत मी डबे खाल्ले. दुसरीकडे हिचा आनंद. ती आता शनिवारी दिवसभर उपास करायची आणि त्या दगडासाठी रुईची माळ स्वतः गुंफायची. खरे सांगितले तर तिची माळ खोटी ठरेल, असे मला वाटायचे. नानाजींची नात तापाने फणफणली होती, त्यांनी त्या दगडाला नवस केला आणि ताप उतरला, हेही माझ्या कानावर होते. एका माणसाच्या खोट्यावर इतक्या माणसांचे खरे उभे राहिले होते. मी देवाला म्हणायचो, काहीतरी खूण दे. सांगू की नको, एवढे कळू दे. पाल चुकचुकली तरी मी अर्थ लावायचो. खूण काही आली नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी कंटाळून सुखदेवच्या घरी गेलो. तो अंगणात पेपर वाचत होता. मी उभ्या उभ्या म्हणालो की उद्या सांगणार आहे. त्याने पेपर खाली केला नाही. पण सकाळी मी सायकल काढून रस्त्यावर आलो, तर तो त्याची काळी सायकल घेऊन वडाखाली उभा होता, चाकात हवा भरून, कॅरिअरला पाण्याचा कॅन बांधून. म्हणाला, "मार खाशील तं उचलून आनायले कोनी पायजे."

माळावर माणसे जमली होती. बायका जीपने आल्या होत्या, त्यात हीसुद्धा, मांडीवर शिऱ्याचा डबा घेऊन. जेसीबी खळ्याच्या कडेला उभा, त्याचा चालक झाडाखाली चहा पीत होता. थोड्या अंतरावर झिमाबाई शेळ्या थांबवून उभी होती, कुंपण कुठून जाणार ते पाहायला आली असावी. तो दगड आता ओळखूही येत नव्हता. चोळ्यावर चोळे चढून तो गुबगुबीत झाला होता, त्याला चांदीचे डोळे बसवले होते. नानाजींनी माझ्या हातात नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

मी बोललो. कसे बोललो ते आठवत नाही, पण सगळे बोललो. पुडी, साखळीचे तेल, बाण, घाई, दवाखान्यातले दोन शब्द, चित्रफितीतले जास्तीचे शब्द, सगळे. वारा होता, झेंडा फडफडत होता. मी हिच्याकडे पाहिले नाही. पाहण्याची हिंमत नव्हती.

मग नानाजी बोलले. रागाने नाही, अगदी लहान आवाजात. "मंग काकाजी, माह्या नातीचा ताप कोनं उतरवला?"

या प्रश्नाची मला सर्वांत जास्त भीती होती, आणि त्याचे उत्तर मी ठरवून नेलेले नव्हते. जे तोंडात आले ते मी म्हणालो, "त्यानंच उतरवला नानाजी. तुम्ही हाक मारली, त्यानं ऐकली. खोटा मी हाये. तो नाही."

नानाजी दगडाकडे पाहत राहिले. तेवढ्यात मागून झिमाबाईचा आवाज आला. ती कोणाची परवानगी न घेता पुढे आली, शेळ्याही तिच्या मागे आल्या. म्हणाली, "मले तं पह्यल्या दिशीच मालूम होतं. देव बान कायले काढन? त्याले काय कुठं जायचं हाये?" कोणीतरी खुदकन हसले. मग दुसरे. बघता बघता सगळा माळ हसायला लागला, चालकाच्या कपातला चहा सांडला. मी मात्र झिमाबाईला विचारले की मग तू इतके महिने बोलली का नाहीस. ती म्हणाली की बान बापूनं काढला, तं पुसायचा बी बापूनंच. मग तिने जे सांगितले ते ऐकून हसू थांबले.

ती म्हणाली की त्या दिवशी बाण पाहूनच ती घळीकडे वळली. ताजी खूण, खाली सायकलच्या चाकाची रेघ, आणि ती वाट खचलेली हे तिला ठाऊक. म्हणजे कोणीतरी गेला मरायला, असे तिला वाटले. "पन एक गोष्ट मले अजून समजली नाही बापू. माह्या शेळ्या रोज खालच्या नाल्याकडं जातात. इकडं चाराच नाही. त्या दिशी मी हाकलून हाकलून थकली, पन त्या आयकेच ना. सारख्या ह्या दगडाकडं येऊन राह्यल्या होत्या. कायले आल्या, ते त्यायलेच विचारा."

शेळ्या तिथेच होत्या. त्यांनी काही सांगितले नाही. एकीने देवाच्या गळ्यातल्या रुईच्या माळेला तोंड घातले, आणि ती माळ जिने गुंफली होती तिनेच, म्हणजे हिने, पुढे होऊन शेळीला शिऱ्याचा घास भरवला आणि माळ सोडवली. मग तिने झिमाबाईच्या पायांना हात लावला. झिमाबाई गांगरली, मागे सरली, म्हणाली बाई असं नको करू. ही म्हणाली, "माह्या घरचा मानूस तुम्ही आनून दिला, अन् मी इतके दिवस दगडाचे आभार मानून राह्यली होती." माझ्याकडे मात्र तिने पाहिले ते असे, की घरी गेल्यावर माझे काय होणार हे मला समजले. तसेच झाले. पण ते इथे सांगण्यासारखे नाही, आणि मी त्याला पात्र होतो.

मी त्या वेळी खाली बसलो. पाय दुखत होता म्हणून, असे सगळ्यांना वाटले. मला एकच गोष्ट दिसत होती. त्या घळीत मी भांडून थकलो आणि गप्प झालो, तेव्हा वरच्या माळावर एक बाई शेळ्यांना एकीकडे हाकत होती आणि शेळ्या दुसरीकडे येत होत्या. माझ्यावर खरी कृपा झाली होती, अगदी साधी, शेळीच्या पावलांनी आलेली. आणि ती मी इतके महिने एका बनावट चमत्काराखाली झाकून ठेवली होती, कारण मला ती पुरेशी मोठी वाटली नव्हती. शेळ्या का वळल्या हे मी कोणाला पटवायला जाणार नाही. एखाद्या कोवळ्या डहाळीसाठीही वळल्या असतील. मला ते जाणून घ्यायचे नाही.

नानाजींनी सगळ्यांना विचारले आणि ठरले ते असे. शेंदूर लागला तो लागला, तो कोणी खरवडायचा नाही. ज्याला दिवा लावायचा त्याने लावावा. पण मंडप नाही, कुंपण नाही, आणि खळ्याचा एकही धोंडा हलवायचा नाही. सुखदेव इतका वेळ गर्दीच्या मागे उभा होता. हे ऐकल्यावर तो पुढे आला आणि त्याने नानाजींचा हात हातात घेतला. आता प्रश्न राहिला जेसीबीचा. चालक म्हणाला की एवढ्या लांबून आलो, रिकामा कसा जाऊ? तेव्हा झिमाबाईने त्याला हाताने बोलावले आणि घळीच्या काठावर नेले. दुपारपर्यंत त्याने ती खचलेली वाट मुरूम घालून, दाबून अशी केली की आता तिच्यावरून शेळी जाते, माणूस जातो, सायकलही जाते. मुहूर्ताचा नारळ माझ्या हातात तसाच होता. तो त्या वाटेच्या तोंडाशी नानाजींनी माझ्याकडून फोडून घेतला आणि पहिला तुकडा झिमाबाईला दिला.

परतताना हिने मला जीपमध्ये बसायला सांगितले, पण मी सायकलनेच निघालो. माळ उतरल्यावर एक लांब चढ आहे. दुखऱ्या पायाने जोर लागेना. मी एकामागून एक गिअर बदलत होतो आणि सायकल डुगडुगत होती. तेव्हा सुखदेवने त्याची सायकल माझ्या शेजारी आणली, एक हात माझ्या पाठीवर ठेवला आणि ढकलायला लागला. तोही माझ्याच वयाचा, त्यालाही धाप लागलेली. मी म्हणालो, राहू दे, मी मारतो पायडल. तो म्हणाला, "चूप बस. तू नुसतं हँडल धर."

मी पाय थांबवले आणि नुसते हँडल धरले. समर्पण समर्पण म्हणून आयुष्यभर जे ऐकत आलो, ते एवढेच असावे असे मला त्या चढावर वाटले. वाट सोडायची नाही, तोंड फिरवायचे नाही, खोटे बोलायचे नाही, आणि पाठीवर हात आला की तो कोणाचा आहे याची चौकशी न करता त्याला आपले वजन द्यायचे. दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाटीला पहिली बोंडे फुटली होती. चढ संपून उतार लागला तेव्हा सुखदेवने हात काढला, पण मला ते कळलेच नाही. मी बराच पुढे गेलो होतो.